पहिलं गिऱ्हाईक

माय, तुला एक गोष्ट विचारायची राहून गेली. तू सकाळी किराणा दुकानात कधीच पहिली का शिरली नाहीस? प्रश्न ऐकून तू म्हणशील, इतक्या वर्षांनी हिला हे काय सुचलं, डोकंबिकं फिरलं का. फिरलेलं नाही. बस म्हणजे सांगते.

मी लोणारला परत आले आहे. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, मी इथं आले. तुझा जावई दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा त्याच्या संसारात आहे, आणि पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसायचा मला कंटाळा आला. आपण राहायचो ती खोली आता राहिली नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे. पण त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या, आणि खिडकी उघडली की समोर तेच किराणा दुकान दिसतं, जिथून तू सामान आणायचीस. पूर्वी लाकडी फळ्या होत्या, आता शटर आहे. तेव्हा गल्ल्यावर बसणारे काका म्हातारे झालेत, दुपारी तेवढे येऊन बसतात. बाकी दिवसभर त्यांची सून दुकान सांभाळते. चटपटीत बाई आहे, तोंड चालतं तसा हातही चालतो.

पहिल्या दिवशी मी गेले तर तिनं मला न विचारताच पाण्याची थंड बाटली काढून पुढ्यात ठेवली. "सरोवर पाहाले आल्या का मॅडम? खाली उतराचं असंल तं सकाळीच उतरा, मंग ऊन तापते." मी म्हटलं, मला हळद हवी आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. सरोवर बघायला आलेली बाई हळद घेऊन काय करणार? तिनं त्यातल्या त्यात लहान पुडी शोधून दिली. मला इतका राग आला माय! याच गल्लीत मी फ्रॉक घालून लंगडी खेळले, याच दुकानासमोर पडून गुडघा फोडून घेतला, आणि ही कालची सून मला सरोवराचा रस्ता सांगते. पण दोष तिचा नव्हता. मी "अर्धा किलो शेंगदाणे द्या हं" असं पुण्याच्या तोंडानं म्हणत होते, आणि तो "हं" इथं कोणाच्याही पचनी पडत नाही.

मग मी ठरवलं, आपण पुन्हा इथल्या बाईसारखं सामान आणायला शिकायचं. तुला हसू येईल, पण ते शिकावं लागतं. इथं दुकानात जाऊन थेट वस्तूचं नाव घेतलं की माणूस परका ठरतो. आधी उन्हाबद्दल बोलायचं, मग कोणाच्या घरी कोण आलंय ते, मग कालच्या लग्नातल्या वरणाबद्दल, आणि अगदी निघता निघता, एकदम आठवल्यासारखं म्हणायचं, "अव, जरासं जिरं दे बरं." तेलाची बाटली घरून न्यायची, आणि ती फडक्यानं पुसलेली असली पाहिजे, नाहीतर सूनबाई बाटलीकडे बघून घराची परीक्षा करते. भाजीवालीजवळ उकिडवं बसायचं, उभ्यानं भाव विचारायचा नाही. चिवळीची भाजी घेतली तर घरी जाऊन निवडायची नाही, तिथंच तिच्याशी बोलत दोन काड्या निवडायच्या, म्हणजे ती वरून मूठभर टाकते. हे सगळं तू करायचीस तेव्हा मला वाटायचं, माय किती वेळ घालवते.

मला नर्सच्या नोकरीनं पहाटे उठायची सवय लावलेली. त्यामुळे त्या सुरुवातीच्या दिवसांत शटर वर गेलं की मीच हजर असायची. सूनबाई पायरीवर पाणी शिंपडायची, उदबत्ती ओवाळायची आणि मला आत घ्यायची. मी फोन काढला की म्हणायची, "मॅडम, बोहनीले नगदी द्या ना. फोनातले पैसे कपाळाले कसे लावू?" मी नोट द्यायची, ती दोन्ही डोळ्यांना लावून गल्ल्यात टाकायची. एकदा म्हणाली, "तुमचा हात लई चांगला हाय मॅडम, काल दिवसभर गर्दी हटली नाई." मी काय खूश! स्टँडच्या रस्त्याला एक मोठं दुकान झालंय, आत थंडगार, ढकलगाडी घेऊन हिंडायचं. इथलं अर्धं गिऱ्हाईक तिकडं जातं, आणि ही बाई सकाळच्या पहिल्या नोटेवर दिवस तोलून बघते. तिच्या दिवसाला आपला हात लागतो म्हटल्यावर मला बरं वाटायचं.

हळूहळू मी "मॅडम"ची "मावशी" झाले. माझ्या तोंडात "काऊन" आणि "हाव" परत यायला लागले, ते मी बोलावले नव्हते, आपोआप आले. एके दिवशी साबण बांधता बांधता तिनं विचारलं, "मावशी, काकाजी कुठं राह्यतात? दिसत नाई कधी." मी सांगितलं, ते गेले. "अव माय," ती म्हणाली, आणि मोठ्या डब्यातून गुळाचा खडा फोडून माझ्या हातावर ठेवला. मी टिकली लावते ना, म्हणून तिला कळलं नव्हतं. मी गूळ चघळत घरी आले आणि मनात म्हटलं, झालो बुवा आपण गावचे.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर तिनं स्टूल पुढं केलं. "बसा मावशी, चाय ठेवली." मी बसले. आल्याचा चहा, छान. तेवढ्यात ऑटोवाला आला, तंबाखूची पुडी घेऊन गेला. तिनं त्याची नोट डोळ्यांना लावली आणि मग वळून, "हां मावशी, काय देऊ?" दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टूल आणि चहा. त्याच्या पुढच्या दिवशीही. मला वाटलं, काय माया करते ही बाई! जन्म वॉर्डात काढला, पेशंटच्या चेहऱ्यावरून ताप ओळखायची मी, आणि हे कळायला मला कितीतरी कप चहा प्यावा लागला. एक दिवस घाईत होते म्हणून म्हटलं, "चहा राहू दे गं, आधी माझी साखर दे." तिनं साखरेकडे नाही, रस्त्याकडे पाहिलं. "अजून कोणी आलं नाई मावशी," तिच्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावली तिनं.

मी बसले. कोणीतरी येईपर्यंत बसले, आणि साखर घेऊन घरी आले. राग आला का? आला, चांगलाच आला. पाहुणी होते तोवर माझा हात चांगला होता, गावची झाले आणि त्याच हाताला काय झालं? भांडी आपटून आपटून घासली. आणि घासता घासता एकदम तू दिसलीस, चक्कीच्या ओट्याशी.

बाबा गेल्यावर शाळेत त्यांच्या जागेवर तू शिपाई म्हणून लागलीस. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सकाळची शाळा, घंटेच्या आधी सगळी दारं उघडायची, पाणी भरायचं. तरी तू पिशवी घेऊन पिठाच्या चक्कीजवळ थांबतेस. मला म्हणतेस, "जाय बरं, काडीपेटी घेऊन ये, मी आलोच." मी पळत जाते. काका, तेव्हा अगदी तरुण, म्हणतात, "आली आमची लक्ष्मी!" आणि पेपरमिंटची गोळी देतात. मग मागून तू येतेस, डाळ, गूळ, चहापत्ती घेतेस. मला वाटायचं, तुला चक्कीवालीशी बोलायला आवडतं. आणि काकांची मी इतकी लाडकी की माझ्याशिवाय त्यांचं दुकान चालत नाही. एकदा मला गालफुगी झाली होती. मी दारात पांघरूण घेऊन बसले आहे आणि तू एकटीच तिथं उभी आहेस. आज पाठवायला कोणी नाही. तू पिशवी या हातातून त्या हातात घेतेस, चक्कीवालीला वेळ विचारतेस, पुन्हा विचारतेस. एक माणूस सायकल टेकवून दुकानात शिरतो, आणि तू लगबगीनं निघतेस. मला तो लपंडावासारखा काहीतरी खेळ वाटला होता. किती दिवस मी तो एकटीच खेळत होते, बाहुलीला पुढं पाठवून.

एक गंमत बघ. शाळेचं कुलूप रोज तूच काढायचीस, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. अख्ख्या गावाच्या पोरांनी सकाळी शाळेत पहिलं तोंड तुझं पाहिलं, आणि त्यातली बरीचशी पास झाली. तिथं कोणी म्हणालं नाही की बाई, जरा थांबा, आधी दुसरं कोणी कुलूप उघडू द्या. मग हे दुकानातच का? कोणी बोललं होतं तुला? की कोणी न बोलताच तू आपली जागा धरलीस? मला हे कळल्याशिवाय चैन पडेना. तू स्वतःला तसं मानत असशील, तर मला फार वाईट वाटेल. आणि मानत नसशील, तर रोज थांबलीस कशाला याचा तुझ्यावर राग येईल. दोन्हीतलं काय, तेवढं मला हवं होतं.

दुपारी सून जेवायला घरात जाते तेव्हा काका दुकानात बसतात. प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात पंखा, विजेचा पंखा डोक्यावर चालू असला तरी. मी हिंगाची डबी मागायचं निमित्त केलं आणि सरळ विचारलं, "काका, माझ्या मायले तुम्ही कधी थांबोलं होतं का? बोहनीच्या आधी?"

ते हसले नाहीत. हिंग शोधायचं सोडून खाली बसले. "नाई बाई. म्या नाई थांबोलं. तुमचे वडील गेले, त्याच्यानंतर वहिनी पयल्यांदा सकाळी आल्या, तं पायरीच्या खालूनच म्हणे, 'दादा, कोणी येऊन गेलं का?' म्या म्हणलं, नाई. तं म्हणे, 'मंग येतो मी जराशानं.'"

"मग तुम्ही म्हणाला नाही, या म्हणून?"

"नाई म्हणलं." ते पंख्याच्या काड्या चाचपत राहिले. "दुकान नवं होतं. बापाशी भांडून टाकलेलं. खोटं काऊन बोलू बाई, त्या गेल्या तं मले बरं वाटलं."

 इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी "कोण मानते हे, जुन्या गोष्टी" असं काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. मी उठत होते, तर ते म्हणाले, "पण एक डाव आल्या होत्या. तुमी शिकाले गेल्या त्या दिवशी."

तो दिवस मला आठवतो. नर्सिंगला नाव लागलं होतं, औरंगाबादची पहिली एसटी पकडायची होती. आदल्या संध्याकाळी तुला शाळेत उशीर झाला, सामान आणायचं राहिलं. सकाळी मी वळकटी बांधत होते. तू गेलीस आणि लगेच पिशवी भरून आलीस: अंगाचा साबण, खोबरेल तेल, चिवडा करायला वेळ नाही म्हणून तयार शेव, आणि एक नवा कंगवा. इतक्या लवकर कशी आलीस, हे मी विचारलं नाही. मला फक्त एसटी दिसत होती.

काका सांगत होते, "तवा फळ्या होत्या. म्या एकच फळी काढली होती, तं वहिनी समोर. म्हणे, 'दादा, पोरीची गाडी हाय, द्या लवकर.' म्या पाह्यलं त्याइच्याकडे. तं म्हणे, 'आज काही झालं तं मले बोलजा, पोरीचं नाव घेऊ नका.' म्या देल्लं सगळं. त्या पळतच गेल्या."

"मग त्या दिवशी धंदा कसा झाला?" मी विचारलं. मला खरंच ऐकायचं होतं माय, परीक्षेचा निकाल ऐकावा तसं.

काकांनी बराच विचार केला. डोळे मिटून केला. "आठवत नाई बाई. रोजच्यासारखाच झाला असंल. वाईट झाला असता तं आठवला असता."

मी तिथंच हसले, आणि मग रडूही आलं, दोन्ही एकदम. काका घाबरले, पाणी आणायला उठायला लागले. मी म्हटलं, बसा काका, काही नाही, हिंगानं होतं असं. हिंगाची डबी अजून हाती आलीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून मी त्या तुझ्या एका वाक्याभोवती घिरट्या घालते आहे. "काही झालं तं मले बोलजा." म्हणजे काही होईल असं तुला वाटत होतं? वाटत असून तू गेलीस? की त्या माणसाला वाटतंय हे तुला दिसत होतं, आणि त्याला सोपं जावं म्हणून तू दोष आधीच आपल्या पदरात घेतलास? आपण एवढ्याशा खोलीत राहिलो, एका पांघरुणात झोपलो, तुझ्या पायाला कोणत्या बोटाजवळ कुरूप आहे ते मला माहीत होतं. आणि तू स्वतःला काय समजत होतीस, ते माहीत नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? मला वाटतं, तू म्हणाली असतीस, "काही बी विचारतं हे पोट्टं," आणि कणीक मळायला घेतली असतीस.

काल सकाळी मी शटर वर जायच्या आधीच खाली उतरले. सूनबाईनं पाणी शिंपडलं, उदबत्ती लावली, आणि मला बघून स्टूल पुढं ओढलं. "बसा मावशी, चाय…"

"चाय नको," मी म्हटलं. "चहापत्ती दे, अन् साखर. नगदी आणलेत."

तिनं रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही हलत नाही हे तिला कळलं. मी काही शहाणपणाचं बोलले नाही. तिला शिकवावं असंही मनात नव्हतं, तिची भीती मला दिसत होती, ते मोठं दुकानही दिसत होतं. पण मी बसणार नव्हते. तिनं चहापत्ती तोलली, साखर तोलली, पुडा बांधला. नोट घेतली. सवयीनं तिचा हात वर गेला, कपाळाजवळ अडखळला, आणि मग तिनं ती लावली एकदाची, एकाच डोळ्याला. गल्ल्यात टाकली. "या मावशी," ती म्हणाली, जरा हळूच. मी जिना चढून वर आले. वाटलं, तुला हाक मारून सांगावं, बघ माय, झाली बोहनी, आभाळ काही कोसळलं नाही.

हा कागद पोस्टात पडायचा नाही हे तुला माहीत आहे, मलाही. म्हणून पुढचं सांगून टाकते, एरवी कोणाला सांगितलं नसतं. चहा केला आणि खिडकीत बसले. दुकानात कोणी येतंय का ते बघत बसले. एक माणूस आला, काही न घेता गेला, तर मी खिडकीबाहेर वाकून पाहिलं. मग बराच वेळ कोणीच नाही. दुपारचं जेवणही मी खिडकीतच केलं, ताट मांडीवर घेऊन. भाजीवाली वर आली तर तिला म्हटलं, तुझा साबण संपला असेल ना गं, समोरून घेऊन जा. ती म्हणाली, काल्च घेतला. संध्याकाळपर्यंत मला काही ते दुकान भरलेलं दिसेना. शेवटी मी पिशवी उचलली, खाली गेले, आणि खोबरं घेतलं, मेणबत्त्या घेतल्या, रव्याचा मोठा पुडा घेतला, दोन झाडू घेतले. सूनबाई तोलता तोलता माझ्याकडे बघायला लागली. "इतकं सामान? घरी पाव्हणे येऊन राह्यले का मावशी?"

मी म्हटलं, "हाव."